पबमध्ये वयाचा दाखला

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून इंग्लंडमध्ये शिकतो. तेथील एका पबमध्ये वयाचा पुरावा जवळ नव्हता म्हणून त्यास बिअर नाकारण्यात आली. कायद्याने सज्ञान असलेल्या तरुणावर हा अन्याय नव्हे काय?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपली व्यथा समजण्याजोगी आहे, परंतु यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. इंग्लंड व वेल्स येथे लागू असलेल्या २००३ च्या परवाना कायद्यान्वये १८ वर्षे पूर्ण झालेल्या इसमास मद्य विकत घेण्याची मुभा आहे खरी. तथापि त्याहून लहान व्यक्तीस ते विकणे हा गुन्हा असल्यामुळे, आणि त्याची जबाबदारी प्रत्यक्ष विक्री करणाऱ्या नोकरावरही येत असल्यामुळे, पंचविशीच्या आतील दिसणाऱ्या प्रत्येकाकडे दाखला मागण्याची ‘चॅलेंज २५’ नामक वहिवाट पुष्कळ पबांनी स्वीकारली आहे. त्या दाखल्यावर छायाचित्र, जन्मतारीख आणि होलोग्रामसारखी सुरक्षाखूण असावी लागते. सबब महाविद्यालयाचे साधे ओळखपत्र पुरेसे ठरेलच असे नाही. पासपोर्ट चालतो, पण तो गहाळ होण्याची धास्ती वाटत असल्यास ‘पास’ची खूण असलेले वयाचे कार्ड काढून घ्यावे.

आपल्या महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, हे ध्यानी घेता मुलास तेथे लाभलेले स्वातंत्र्य मोठे आहे, आणि त्याचा उपभोग संयमाने घेण्याची शिकवण त्यास आपणाकडूनच मिळावी. नशेत असलेल्या इसमास जाणूनबुजून मद्य विकणे हाही तेथे गुन्हाच आहे. तरुणांच्या हिताची काळजी वाहणारे हे दोन्ही निर्बंध मला सर्वस्वी समर्थनीय वाटतात.