मारुती कुठवर बुडाला?

कथालेखनाच्या शिबिरात चहाची सुट्टी झाली की कुणीतरी हमखास गाठून विचारतं, "ताई, तुम्हाला विषय सुचतात कुठून?" विचारणारे बहुधा दोन गटांतले. एकाला ऐतिहासिक कादंबरी लिहायची असते आणि त्याच्या पिशवीत बखरींच्या झेरॉक्स असतात. दुसऱ्याला आजूबाजूचं जगणं मांडायचं असतं आणि इतिहास म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी येते. माझं म्हणणं असं की हे गट मुळात पडायलाच नकोत. निदान नाशकात तरी. इथे भाजी आणायला निघालेला माणूस रामायणातून, पेशवाईतून आणि एखाद्या सत्याग्रहातून वाट काढत घरी येतो. लिहिता लिहिता जे हाती लागलं ते सांगते. आकडे घातलेत ते सोयीसाठी, क्रमाला फार अर्थ नाही.

१. माप पात्राचं असावं

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पेपरात विसर्गाचे आकडे येतात, अमुक हजार क्युसेक. जुन्या नाशकातल्या माणसाला त्या आकड्याचं सोयरसुतक नसतं. तो विचारतो, "मारुती कुठवर बुडाला?" रामकुंडाजवळ गंगेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे आमचं पूर मोजायचं साधन. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) पाणी गुडघ्याला असेल तर पूर बघायला जायचं. कमरेला लागलं की भांडी बाजारात खालच्या फळीवरची पातेली वर चढतात. त्याच्याही वर गेलं की सराफ बाजारात धावपळ. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावात दुसरा विषय नव्हता. पुलाच्या कठड्याशी ऐकलेलं एक संभाषण माझ्या वहीत आहे:

"कुठवर?"

"छातीला."

"आणि काका, तुमच्या गोण्या?"

"पोरं लागलीत कामाला. तू मारुतीवरची नजर काढू नको."

पुराची गोष्ट लिहायला मला यापेक्षा जास्त काही लागलं नाही. देव, व्यापार आणि भीती, तिन्ही एका मापात आली. पात्राच्या तोंडी क्युसेक घातला असता तर तो माणूस पाटबंधारे खात्याचा झाला असता.

२. भिक्षा घालणाऱ्याच्या घरात शिरा

गंगापूर रोडवर आज कॉलेजं, टॉवर आणि मिसळीची हॉटेलं आहेत. याच रस्त्याने गेलं की आधी आनंदवल्ली लागते, मग गंगापूर. आनंदवल्ली राघोबादादा आणि आनंदीबाईंची. गंगापुरात नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई येऊन राहिल्या. त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडला, त्याच वर्षी नवरा गेला. १७७२ मध्ये माधवराव क्षयाने गेले आणि पुढच्या वर्षी, ३० ऑगस्टला, नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. तो खून लोकांनी ज्यांच्या नावावर कायमचा मांडून ठेवला, त्या आनंदीबाईंचा शेवटही इथेच, आनंदवल्लीत, १७९४ मध्ये झाला. गोपिकाबाई त्याआधी सहा वर्षं गेल्या होत्या.

लोक सांगतात की नारायणरावांच्या मृत्यूनंतर गोपिकाबाई पंचवटीत झोळी घेऊन भिक्षा मागत, आणि तीही फक्त सरदारांच्या बायकांकडून घेत. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. बहुतेक लेखक इथे गोपिकाबाईंच्या मनात शिरतात आणि चार पानं शोक करतात. मला ते पटत नाही. मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहते. कुणा सरदाराची सून, वय सतरा. दारात खुद्द पेशव्यांच्या मातोश्री. हाक काय मारायची? 'बाईसाहेब' म्हणून भिक्षा घालता येते का? आधी वाकायचं की आधी वाढायचं? नुसता भात घातला तर अपमान, आणि पक्वान्न घातलं तर त्यांचं व्रत मोडायचं. माजघरातून सासू खुणा करते आहे, आणि त्या खुणा हिला कळत नाहीत.

ही सासू बखरीत नाही, आमच्या घरात होती. माझ्या आजीकडे माधुकरीला एक मुलगा यायचा. त्याला वाढताना वरणाची पळी त्याच्या भांड्याच्या कडेवर आपटायची नाही, असा आजीचा दंडक होता. पळी आपटली की मोजून वाढल्यासारखं दिसतं, म्हणे. एकदा आईने घाईत आपटली. आजी एक शब्द बोलली नाही, नुसतं बघितलं. आई दुपारभर गप्प. ती पळी आणि ती नजर मी जशीच्या तशी उचलून दोन-सव्वादोनशे वर्षं मागे नेली. कथा तिथून पुढे आपली आपण चालली.

३. आख्यायिका लोकांना का पटली, ते विचारा

'ध'चा 'मा' झाला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. 'धरावे'चं 'मारावे' केलेलं ते पत्र मात्र पुढ्यात ठेवून कुणी दाखवलेलं नाही. म्हणून ती गोष्ट खोटी पाडायच्या भरीस लेखकाने पडू नये, आणि खरी ठरवायच्याही. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो राघोबादादांना. लोकांनी दिला आनंदीबाईंना. मला इथे कथा दिसते. पुरुषांची भाऊबंदकी, पुरुषांची गादी, गारदी पुरुषांनी पोसलेले, आणि अखेर सगळं येऊन थांबतं एका बाईच्या बोरूच्या टोकाशी. हे इतकं पचनी पडलं कसं? उत्तरासाठी दप्तरखान्यात जायची गरज नाही. कुठल्याही गल्लीत दोन भावांची वाटणी चालू असेल तिथे कान द्या. "तो तसा नव्हता हो, तिनेच कान भरले." हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, दहाव्याला ऐकलंय आणि तहसील कचेरीबाहेर स्टॅम्पपेपर घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडूनही ऐकलंय.

४. दगडावरचा हिशेब वाचा

पांडवलेणी पांडवांनी खोदली, असं आम्हाला लहानपणी सांगत. लेणी बौद्ध आहेत आणि भिंतींवर स्वच्छ कोरलंय कुणी काय दिलं ते. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली: दोन हजार शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज फक्त घ्यायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी. हिशेब करून बघा. दरमहा शेकडा एकने दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. वीस बारे दोनशे चाळीस. एक कवडी इकडची तिकडे नाही. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, हेही तिथेच लिहिलंय.

गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या शेजारी आहे. मला राजाच्या जावयापेक्षा त्या श्रेणीतला विणकर हवा असतो. माग बंद पडला, सुताचा भाव चढला, तरी व्याज द्यायचंच, आणि कुठवर द्यायचं तर चंद्रसूर्य असेतो. त्याची बायको त्याला काय म्हणत असेल, हे ज्याने पतपेढीचा हप्ता भरलाय त्याला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगितली आहे: शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. लेख कोरला तेव्हा राज्य नातवाचं होतं, पुळुमावीचं एकोणिसावं वर्ष. ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. आता गंगापूरकडे बघा. तिथेही एक आजी, मुलगे गेलेले, नातू सवाई माधवराव गादीवर. एकीने दगडावर बिरुदं कोरून घेतली, दुसरीच्या वाट्याला झोळीची कथा आली. मध्ये सोळाशे-एक वर्षं आहेत आणि शहराचा एक कोपरा आहे. या दोन म्हाताऱ्यांना एका कथेत आणायचं माझं अजून जमलेलं नाही. कुणाला जमलं तर माझी हरकत नाही.

५. थोरांच्या वाटेत घर कुठे लागतं ते बघा

नाशिकच्या लेखकाला दोन नावं चुकवता येत नाहीत. वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांचं 'वेड्याचं घर उन्हात' आलं १९५७ मध्ये, 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ मध्ये. आधी घर, मग रायगड. म्हणून रायगडावरही त्यांना सिंहासनाआधी बाप आणि मुलगा दिसले, असं मला वाटतं. तात्यासाहेब शिरवाडकरांची चाल उलटी. 'दुसरा पेशवा' १९४७ चं आणि 'नटसम्राट' १९७० चं. राजाचं कोसळणं त्यांनी शेवटी लेकीसुनांच्या घरात आणून बसवलं. दोन्ही वाटा चालतात.

तिसरं नाव लोक पटकन घेत नाहीत, ते घ्यायला हवं. बाबुराव बागूल विहितगावचे, जन्म १९३० चा. त्याच वर्षी २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या बळावर तो पुढे काही वर्षं चालला. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्ये आलं, म्हणजे 'रायगडा'नंतर वर्षभरात. पंचवटीच्या सीता, लक्ष्मण, शूर्पणखेच्या गोष्टी आपण 'आपल्या' म्हणून सांगतो, तेव्हा त्या गोष्टींच्या दारात कोण अडवला गेला होता, हे बागूल वाचल्यावर विसरता येत नाही. आख्यायिका वापरायला घेताना मी एवढं एक तपासते: ही ऐकायला कोण बसलं होतं आणि कुणाला बाहेर उभं केलं होतं.

६. दुसऱ्या बाजूचा खणही उघडा

२१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेरे तेव्हा विशीतही पोचलेले नव्हते. त्यांच्या नावाच्या मैदानावर आज पोरं क्रिकेट खेळतात.

ही गोष्ट नाशकात सगळ्यांना येते. कमी लोकांना माहीत असतं ते हे की जॅक्सन लोककथा आणि लोकसमजुती जमवत असे. शाळामास्तरांना प्रश्न पाठवून विहिरीतल्या आसरा, भुतंखेतं, पेरणी-कापणीचे विधी यांची उत्तरं मागवायचा. त्याच्या मागे एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने ती पुस्तकरूपाने छापली. आख्यायिका गोळा करणारा माणूसच आख्यायिकेत गेला. याने हुतात्म्यांचं मोल तसूभर कमी होत नाही. पण माझ्या कथेत कान्हेऱ्यांसमोर पुतळा उभा राहू नये, टेबलाच्या खणात भुतांच्या गोष्टी ठेवणारा, राज्य करणारा एक खराखुरा माणूस उभा राहावा, म्हणजे कान्हेऱ्यांच्या निर्णयाचं वजन कळतं. आणि नाटक बघायला आलेल्या, तिकीट काढलेल्या त्या प्रेक्षकांचं काय झालं? मी अजून त्यांच्यातल्या एकाच्या मागे आहे.

७. माहिती रहाडीसारखी ठेवा

नाशकाबाहेरच्यांसाठी सांगते: रहाड म्हणजे पेशवाईतला, जमिनीत बांधलेला रंगाचा हौद. रंगपंचमीला उघडतात, पोरं त्यात धप्पा मारतात, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षभर त्याच्यावर फळ्या, माती आणि रस्ता. वरून रिक्षा जातात. कथेतली माहितीही अशीच खाली असावी. तिला तळ हवा, पण वाचकाला ती रोज उघडी दाखवायची नाही. वर सांगितलेला व्याजाचा हिशेब माझ्या विणकराच्या कथेत कुठेही येत नाही. त्याची बायको फक्त एकदा म्हणते, "यांच्या अंगावर नवं आलं, आपलं काय?"

८. आणि एक विनंती

गोदाघाटाकडचे जुने वाडे झपाट्याने उतरवले जात आहेत. वाडा पाडताना दारं, खांब, पितळी कड्या विकायला लोक विसरत नाहीत. माळ्यावरच्या चोपड्या मात्र रद्दीत जातात. किराण्याच्या वह्या, लग्नखर्चाच्या याद्या, भाडेकरूंच्या पावत्या, आजीने पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहिलेली दुधाची खाडाखोड. तुम्हाला त्यात काही दिसणार नाही, पण आमचं पोट त्याच्यावर चालतं. तुमच्या घरी असं काही असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी सार्वजनिक वाचनालयात विचारून बघा. १८४० पासून ते या गावात पुस्तकं सांभाळतंय. तेही जमत नसेल तर मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.