पॉइंट मोजणाऱ्या भाचीस

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली

चि. सोनूस,


खाण्याचे पॉइंट मोजून वजन उतरवायचं तू मनावर घेतलंस, असं ताई फोनवर म्हणाली. चांगलं केलंस. पण सुरुवातीलाच चार गोष्टी कानावर घालते, म्हणजे महिनाभरात वैतागून सोडणार नाहीस.

वय, उंची, वजन बघून तुला रोजच्या पॉइंटांचा एक आकडा मिळेल. साखर आणि तूप-तेल जास्त तिथे पॉइंट चढतात, प्रथिनं आणि चोथा असला की उतरतात. वजन कमी झालं की रोजचा आकडाही बहुतेक वेळा खाली येतो; तेव्हा चिडू नकोस.

पहिला आठवडा फसवा असतो. काटा झरझर खाली येतो, पण त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त. अंगात साठलेली साखर खर्च होते आणि तिच्या एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. पुढे आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. मधेच काटा अडून बसेल, पाळीच्या आधी वरही जाईल. म्हणून रोज काट्यावर चढू नकोस. एक वार ठरव आणि त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी वजन कर.

खरी गोम फोडणीत आहे. आपण कढईत पळीने तेल ओततो ते अंदाजाने. एकदा ती पळी चहाच्या चमच्याने मोज. चमचाभर तेलात सुमारे 40 कॅलरी. तीन चमचे झाले की एका मध्यम चपातीएवढ्या कॅलरी भाजीत गेल्या आणि ताटात दिसल्याही नाहीत. तशीच दर चहातली साखर, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे. लिहायला हवं ते हेच. ज्वारीच्या भाकरीला उगाच बदनाम करू नकोस. थापायच्या आधी एकदा पीठ तोलून घे, म्हणजे पुढे डोळ्यांनाच कळेल.

भाज्या, फळं अशा काही पदार्थांना या पद्धतीत शून्य पॉइंट असतात. शून्य आहे म्हणून पोट फुटेस्तोवर खायचं नाही. आणि वांगं शून्य असलं तरी भरलं वांगं शून्य नाही. कूट, तीळ, खोबरं, तेल सगळं त्यात आलंच. धपाटे, येसराची आमटी फोनमधल्या पॉइंटांच्या यादीत सापडेलच असं नाही. नाही सापडली तर जिनसा वेगवेगळ्या घालून हिशेब कर, पण टाळू नकोस.

डॉ. श्रीकांत जिचकरांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेलं 'दिवसातून दोनदा, 55 मिनिटांत' हे जेवण आपल्याकडे बऱ्याच जणांनी धरलं. तिथे वेळेला बंधन आहे, तुझ्याकडे मापाला. दोन्ही एकदम करायला गेलीस तर चक्कर येऊन पडशील. आणि थायरॉइडची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचार. खाणं कमी झालं की औषधाचं मापही बदलावं लागू शकतं.

अमेरिकेतल्या ज्या 'वेट वॉचर्स'ने ही पॉइंटांची पद्धत गाजवली, तिची सुरुवात न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीने घरी मैत्रिणी जमवून केली. 1963 मध्ये कंपनी झाली. पॉइंट आले ते नव्वदच्या दशकात. म्हणजे तीसेक वर्षं पॉइंटांशिवायच, ठरवून दिलेला आहार आणि एकमेकींना खरं सांगणं यांवर काम चाललं. तूही एक जण गाठ, जिच्यापुढे 'आज दोन गुलाबजाम खाल्ले' म्हणायला लाज वाटणार नाही.

महालक्ष्म्यांना इकडे येशील तेव्हा पुरणपोळी खा, वरून तूपही घे आणि ते तसंच लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी उपास करून फेडायला जाऊ नकोस. उपाशी माणूस रात्री डबे उघडतो. सकाळी नेहमीसारखं जेव, हिशेब पुढे चालू.

वर्षभरात तुझ्या हाताला तेलाचं आणि पोटाला भाकरीचं माप कळायला लागलं की फोन बाजूला ठेव. मोजायचं ते तेवढ्यासाठीच. कंबर मात्र मोजत राहा; बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी, असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. पुढच्या वेळी वजन कळवलं नाहीस तरी चालेल. कंबर किती आणि घरात तेलाचा डबा किती दिवस पुरला, ते मात्र नक्की कळव.

तुझी,
मावशी