कबड्डीसाठी वजन वाढवायचे आहे

प्रश्न : मी २१ वर्षांचा असून तालुका पातळीवर कबड्डी खेळतो. उंची ५ फूट ८ इंच, वजन ५५ किलो. चढाई जमते, पण पकड करताना चढाईपटू मला सहज ओढून नेतो. भरपूर जेवूनही वजन वाढत नाही. मास गेनर घेऊ का?

उत्तर : डब्यावर पैसे घालवू नका. बहुतेक मास गेनरमध्ये माल्टोडेक्स्ट्रिनसारखी स्वस्त कर्बोदकेच जास्त असतात. त्यापेक्षा आपली ज्वारीची भाकरी बरी. ‘भरपूर’ म्हणजे नेमके किती, ते आठवडाभर लिहून पाहा. चहा-बिस्किटावर सराव आणि मग थेट दुपारचे जेवण, असा प्रकार मैदानावर सर्रास दिसतो.

रोज ३०० ते ५०० कॅलरी वाढवा. मूठभर शेंगदाणे, दोन केळी, पेलाभर दूध एवढ्यात त्या भरतात. प्रथिने वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ९० ग्रॅमच्या आसपास हवीत. दोन अंड्यांतून जेमतेम १२ ग्रॅम मिळतात, त्यामुळे उसळ, दही, पनीर, मासे किंवा चिकन दिवसभरात विभागून खा.

नुसत्या शेकडो बैठकांनी दमसास वाढेल, पण स्नायू भरण्यासाठी भार वाढवत न्यावा लागतो. आठवड्यातून तीनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि पुल-अप्स करा; तंत्र मात्र प्रशिक्षकाकडून शिका. झोप आठ तास.

महिन्याला एक-दीड किलो वाढ पुरेशी आहे. त्याहून वेगाने वाढते ती बहुधा चरबी. तीन महिन्यांत काटा हललाच नाही किंवा वजन उलट घटू लागले, तर डॉक्टरांना भेटून थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्या.