गाण्याचा डबा मुका झाला तर

पंढरपूरहून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागले की करकंब येते. गाव मोठे आहे. तिथे आम्ही संध्याकाळी शिकवतो, त्या वर्गाला एक आक्का येतात. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी त्यांनी पिशवीतून पाटी काढायच्या ऐवजी एक डबा काढला आणि आमच्यापुढे ठेवला.

“गुरुजी, डबा बोलंना.”

हा डबा तुम्हांला माहीत आहेच. हाताच्या पंजात मावतो. त्यात रेडिओ लागतो. नखाएवढे काळे कार्ड घातले की भजने, कीर्तने, सिनेमाची गाणी, जे भरले असेल ते वाजते. रात्री उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर खोरे असते आणि खिशात हा डबा.

आक्कांच्या डब्यात मात्र निराळी ठेव होती. त्यांच्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या गायच्या. पुतण्याने त्या मोबाइलवर धरल्या आणि कार्डात भरून दिल्या. पुढे सासूबाई गेल्या. आता रोज पहाटे भाकरी थापताना आक्का डबा लावतात. डबा काय, तीनशे रुपयांत दुसरा मिळेल. तो आवाज कुठल्या बाजारात मिळणार?

आमच्याकडे येण्याआधी आक्का एका दुकानात जाऊन आल्या होत्या. दुकानातल्या पोराने कार्ड आपल्या मोबाइलमध्ये घातले, बघितले आणि म्हणाला, “मावशी, कार्ड गेलं. फॉरमॅट मारतो अन् दोनशे गाणी भरून देतो.” मोबाइल मराठीत होता. आक्कांनी मान पुढे करून अक्षराला अक्षर लावले. सगळे पुसले जाईल, असे तिथे लिहिले होते.

“नको रं लेकरा. दे माझं कार्ड हिकडं.”

पोराचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक सिनेमाची गाणी भरून न्यायला येतात. ती गाणी पुसली तरी पुन्हा भरता येतात. पण फॉरमॅट म्हणजे काय, हे आपल्याला माहीत पाहिजे. कार्डात कोणते गाणे कुठे ठेवले आहे याची एक यादी असते. फॉरमॅट केले की ती यादी जाते. जाणता माणूस तेवढ्यावरून गाणी परत काढू शकतो. काढू शकतोच, असे नव्हे. पण त्याच जागेवर नवी गाणी भरली की खालचे गेलेच. पाटी पुसून तिच्यावर दुसरा धडा लिहिला, तर पहिला कुठून वाचणार?

डबा मुका झाला की आपण आधी त्याला थापट मारतो. कधी कधी तो वाजतोही. सैल झालेली तार तेवढ्यापुरती टेकते आणि दुपारी पुन्हा सुटते. वैद्य आधी नाडी बघतो. डब्याची नाडी म्हणजे वीज. चार्जरची वायर लावा आणि डब्याचा बारका दिवा लागतो का ते बघा. नाही लागला, तर डब्याला दोष देऊ नका. दुसरी वायर लावून बघा, दुसरा चार्जर लावून बघा. वायर टोकाशी, जिथे रोज वाकते तिथे, आतून तुटते. वरून धड दिसते. चार्जर 5 व्होल्टचा लागतो. तो आकडा चार्जरवर छापलेला असतो, तो वाचा. ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीला वायर जोडणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. त्यांचे डबे कायमचे गप्प झाले.

मग बॅटरी. ही लिथियमची असते, 3.7 व्होल्टची. काही डब्यांत ती चपटी, जुन्या मोबाइलसारखी असते. ती काढून सपाट फळीवर ठेवा आणि बोटाने हलकेच फिरवा. चांगली बॅटरी घासत थांबते. भिंगरीसारखी फिरली, तर तिचे पोट सुटले आहे असे समजा. अशी बॅटरी पुन्हा डब्यात घालू नये, चार्ज करू नये. तिला टोचू नये, दाबू नये, पोरांच्या हाती देऊ नये, चुलीत तर मुळीच टाकू नये. आत पेट घेणारा द्रव असतो. उकिरड्यावरही नको. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी 2022 सालच्या सरकारी नियमांनी बॅटरी तयार करणाऱ्यांवर टाकली आहे. म्हणून ती गोळा करणाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या हाती द्यावी.

आक्कांच्या डब्याचा दिवा लागला. बॅटरीही सपाट होती. आम्ही रेडिओ लावला. खणखणीत बातम्या लागल्या.

इथे जरा थांबा. रेडिओ वाजला, याचा अर्थ काय? वीज ठीक आहे, आवाजाचे बटण ठीक आहे, आतला कर्णा ठीक आहे. एका बटणाने एवढे कळले. आता दोष राहिला तो कार्डात, नाहीतर कार्डाच्या खाचेत.

रेडिओही वाजला नसता, तर आम्ही आधी कानात घालायच्या वायरचे भोक बघितले असते. त्या भोकात पिन घातली की आतली एक पट्टी सरकते आणि कर्णा बंद होतो. आवाज कानाकडे जातो. पिनेचे टोक आत मोडून राहिले की डब्याला वाटते, पिन घातलेलीच आहे. एकाच्या डब्यात तर उसाच्या पाचटाची काडी निघाली! काही डब्यांचे दुखणे याहून साधे असते. बटण चुकून दाबले जाते आणि डबा ब्लूटूथवर जाऊन बसतो, म्हणजे मोबाइलच्या हाकेची वाट बघत बसतो. तेच बटण पुन्हा दोन-तीनदा दाबले की ठिकाणावर येतो.

पूर्वी बिघाड डोळ्यांना दिसायचा. फिलिप्स कंपनीने 1963 साली कॅसेट आणली. पुढे ती आपल्याकडेही घरोघर आली. तिची फीत गुंतायची. मग आपण भोकात पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचो. फीत तुटली तर चिकटवता यायची. कार्डाचे तसे नाही. ते 15 मिलिमीटर लांब, 11 रुंद. त्यात एका जीबीच्या जागेत साधारण 17 तासांचे गाणे मावते. पण उघडून बघण्यासारखे आत काही नाही. अशा वेळी अदलाबदल करून दोष शोधायचा.

वर्गातल्या एका तात्यांकडे तसलाच डबा होता. डबा बंद करूनच आम्ही कार्ड काढले. चालू डब्यातून कार्ड ओढले तर ती आतली यादी कधी कधी बिघडते. तात्यांचे कार्ड आक्कांच्या डब्यात घातले. वाजले. म्हणजे खाचही ठीक. आक्कांचे कार्ड तात्यांच्या डब्यात घातले. नाही वाजले. आक्कांचा चेहरा उतरला.

आम्ही कार्ड उजेडाला धरले. त्याच्या पाठीवर सोनेरी पट्ट्या असतात, मोजून आठ. डबा त्यांच्यातूनच कार्ड वाचतो. आक्कांच्या कार्डाच्या पट्ट्या पिठाच्या आणि घामाच्या पुटाने काळवंडल्या होत्या. कोरड्या सुती फडक्याने पुसल्या. पूट राहिले तेवढ्यावर पेन्सिलीचे खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवले. इथे ओले फडके चालत नाही. रॉकेल नको, थुंकी तर नकोच.

मग डब्यात न घालता आम्ही कार्ड आधी संगणकाला लावले. थोडा वेळ काहीच दिसेना. मग यादी आली. “ओवी 1”, “ओवी 2”, अशी चौदापर्यंत. वर्ग उठून संगणकाभोवती जमला. कुणी म्हणाले, लावा की! आम्ही लावले नाही. आधी चौदाही ओव्यांची नक्कल संगणकात घेतली, एक नव्या कार्डात घेतली, एक पुतण्याच्या मोबाइलवर पाठवली. वाचायला लागलेले कार्ड घटकेनंतर पुन्हा वाचेलच, याची खात्री नसते. प्रत्येक कार्ड असे पुसून उठतेच असेही नाही. आक्कांचे उठले.

पुतण्याने तेव्हा एक गोष्ट सांगितली. मोबाइलवर धरलेल्या ओव्या त्याने पहिल्यांदा कार्डात घातल्या, तेव्हाही डबा गप्पच होता. मोबाइल बहुधा एम-फोर-ए प्रकारात आवाज साठवतो. असल्या बारक्या डब्यांना एम-पी-थ्री कळते. मोडीतले पत्र बाळबोध शिकलेल्याला वाचता येत नाही, तसेच हे. संगणकावर प्रकार बदलून घेतला की झाले. तेव्हा कुणी त्याला कार्ड गेले म्हणून फेकायला सांगितले असते, तर?

जात्यावरच्या ओव्या जपून ठेवण्याचे काम मोठ्या प्रमाणावरही झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1990 नंतरच्या काळात त्यांतल्या पुष्कळ ओव्या ध्वनिफितीवर धरल्या. फितीवरून त्या पुढे संगणकात उतरवल्या गेल्या. म्हणून ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर आज त्या मोबाइलवरही ऐकता येतात.

नकला झाल्यावर आम्ही कार्ड डब्यात घालून तो आक्कांच्या हाती दिला. बटण त्यांनीच दाबले. आधी जात्याची घरघर आली, मग आवाज. आक्का काही बोलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. त्या दिवशी पाट्या निघाल्याच नाहीत.

नवे कार्ड आक्कांनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले आहे. डबीला कागद चिकटवून त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले आहे: “सासूबाईंच्या ओव्या. पुसू नये.”