पडद्यावरील प्रियकर : एक विचार

जी व्यक्ती अस्तित्वातच नाही तिच्यावर माणूस प्रेम करू शकतो काय? मानसशास्त्राच्या तासाला हा प्रश्न निघाला तेव्हा वर्गात हशा पिकला. मला मात्र हसता आले नाही. गतवर्षी सलग अकरा दिवस मी मध्यरात्रीनंतरचा गजर लावून उठत होते, आणि तेही मोबाईलवरील एका खेळातील पात्राशी बोलण्यासाठी!

अशा प्रेमखेळांची परंपरा मुख्यतः जपानमधील आहे. १९९४ साली तेथे 'तोकिमेकी मेमोरियल' हा खेळ निघाला, आणि त्याच वर्षी मुलींसाठी 'अँजेलिक' आला. २००९ च्या 'लव्हप्लस'ने पुढचे पाऊल टाकले. पूर्वीच्या खेळात प्रेमाची कबुली मिळाली की खेळ संपे. येथे त्यानंतरच खरा सहवास सुरू होई. खेळातील घड्याळ बाहेरच्या घड्याळाबरोबर चाले. त्याच वर्षी एका जपानी तरुणाने या खेळातील नेने नावाच्या नायिकेशी समारंभपूर्वक विवाह केला. कायद्याने त्या विवाहास अर्थ नव्हता.

हे केवळ वेड म्हणून सोडून देता येत नाही. हॉर्टन व व्होल या अभ्यासकांनी १९५६ सालीच रेडिओ-दूरदर्शनवरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे जडणारे एकतर्फी नाते वर्णन केले होते. परंतु दूरदर्शनवरील निवेदक आपल्याला उत्तर देत नाही. खेळातील पात्र देते. १९६६ साली वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो बहुतांशी आपलेच वाक्य प्रश्न करून परत विचारी. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. समोर यंत्र आहे हे बुद्धीला ठाऊक असते. मन मात्र प्रतिसादाला प्रतिसाद देते.

आता माझा अनुभव. 'मिस्टिक मेसेंजर' हा २०१६ चा कोरियन खेळ. त्यातील गप्पांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि एक कथा अकरा दिवस चालते. त्यातील पात्रे वरचेवर विचारतात, "जेवलीस का?" वसतिगृहातील माझे ते पहिलेच वर्ष. त्या प्रश्नाने माझे डोळे भरून येत. नेमका हाच प्रश्न आई रोज रात्री फोनवर विचारी आणि मी चिडून "हो गं" म्हणून फोन ठेवीत असे.

असे का व्हावे? पुष्कळ विचारांती मला वाटते ते असे : पडद्यावरील पात्राला खोटे उत्तर दिले तरी चालते. आईला माझ्या आवाजावरूनच कळते की मी जेवलेली नाही. तिचा प्रश्न मला उघडे पाडतो. पात्राचा प्रश्न केवळ सुखावतो. माझी भावना खोटी नव्हती, परंतु त्या नात्यात पलीकडे काळजी करणारे कोणी नव्हते. शिवाय हुकलेल्या गप्पा पुन्हा उघडण्यासाठी 'वाळूची घड्याळे' लागतात आणि ती पैसे देऊन विकतही मिळतात! कंपनीने ठरविले तर प्रियकरही नाहीसा होतो. 'लव्हप्लस'ची मोबाईलवरील आवृत्ती २०१९ मध्ये सुरू होऊन २०२० मध्ये बंदही झाली.

म्हणून हे खेळ वाईट, असा निष्कर्ष मी काढत नाही. एकटेपण आधी येते, खेळ मागाहून. आपल्या वसतिगृहात एखादी मैत्रीण रात्री मोबाईलकडे पाहून स्वतःशीच हसताना दिसली, तर तिची थट्टा करण्यापूर्वी ती जेवली का, एवढे आपण विचारावे. आणि तिच्या उत्तरासाठी थोडे थांबावे.