रोप लावल्यानंतरचे तीन उन्हाळे

केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी जुलैमध्ये देशभर उत्साहाने रोपे लावली जातात. पुढील मे महिन्यात मात्र त्याच जागी अनेकदा वाळलेली काडी उभी दिसते. रोप लावणे हे एका दिवसाचे काम. ते जगवणे हे तीन उन्हाळ्यांचे.

याचे कारण मुळांत आहे. पिशवीतील रोपाची मुळे मातीच्या लहानशा गोळ्यापुरतीच असतात. पाऊस थांबला की जमीन वरून खाली सुकत जाते, आणि खालच्या ओलाव्यापर्यंत ही कोवळी मुळे पोहोचलेली नसतात. ती खोल जाईपर्यंत आपणच पाणी द्यावयास हवे.

रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दहा ते पंधरा लिटर पाणी सावकाश मुरवावे. कडक उन्हाळ्यात दोनदा द्यावे. मुरमाड जमिनीत पाळ्या वाढवाव्यात, काळ्या जमिनीत कमी कराव्यात. चार बोटे खोल माती उकरून पाहावी. ओल असल्यास थांबावे, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. आळ्यात वाळलेल्या पाल्याचे आच्छादन करावे, पण ते बुंध्याला टेकू देऊ नये. पाण्याची टंचाई असेल तेथे रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. त्यातून पाणी हळूहळू झिरपत राहते. दुसऱ्या वर्षी पाळ्यांतील अंतर वाढवावे. तिसऱ्या वर्षी बहुधा उन्हाळ्यापुरतेच पाणी पुरते.

कर्नाटकातील हुलिकल गावच्या सालुमरद थिम्मक्का यांनी हेच केले. मोलमजुरी करणाऱ्या या निरक्षर स्त्रीने पतीसमवेत हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेला वडाची रोपे लावली, घागरींनी पाणी वाहून ती जगवली आणि गुरांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपणे घातली. त्या जोडप्यास अपत्य नव्हते. ही झाडेच त्यांनी मुलांप्रमाणे वाढवली. कन्नड भाषेत ‘सालुमरद’ म्हणजे झाडांच्या रांगेची. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ साली त्यांचे निधन झाले. वडांची ती रांग मात्र वाटसरूंना सावली देत उभी आहे.

आवर्ती ठेवीचे खाते उघडल्याने शिल्लक वाढत नाही. हप्ते वेळेवर भरावे लागतात. झाडाचे हप्ते पाण्याचे असतात. म्हणून यंदा जेवढ्या रोपांना तीन उन्हाळे पाणी घालणे शक्य आहे, तेवढीच लावावीत. दहा लावून विसरण्यापेक्षा दोन जगवणे श्रेयस्कर.