पाया पडण्याआधी

खोपोली

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. पुण्यातल्या नव्या सभेत उपासनेला तुझं मन लागतं, गाताना डोळे भरून येतात, हे वाचून बरं वाटलं. काळजी लागली ती पुढच्या मजकुराने. तिथले सेवक म्हणतात, त्यांच्या शब्दाला प्रश्न करणं म्हणजे देवाच्या अधिकाराविरुद्ध उठणं. सभा संपली की लोक त्यांच्या पाया पडायला रांग लावतात, आणि तूही रांगेत उभा राहिलास.

प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय काढ. कर्नेल्य शताधिपती पेत्राच्या पाया पडला, तेव्हा पेत्राने त्याला उठवलं. मीही माणूसच आहे म्हणाला. सतराव्या अध्यायातले बिरुयाचे लोक तर पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून बघत. शास्त्र त्यांना बंडखोर म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतं.

आपल्या पॉवर हाउसचे पाइप तू लहानपणापासून बघतोस. 1915 पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी त्यांतून खाली येतं. पाइप कितीही जाड असो, पाणी त्याचं नसतं. सेवकाचा अधिकार तेवढाच.

आत्या जुन्या वळणाची, असं तुला वाटेल. म्हणून पंडिता रमाबाईंचं सांगते. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींनी आसरा दिला, त्यांची अपेक्षा होती की बाईंनी चर्चच्या वडीलधाऱ्यांचं मुकाट्याने मानावं. बाईंनी त्रैक्यासारख्या विषयावरही प्रश्न केले, पत्रांमागून पत्रं लिहिली. एका पुरोहितवर्गाचं जोखड टाकून आलेली ती बाई दुसऱ्याचं मानेवर घ्यायला तयार नव्हती. परका देश, सोबत लहानगी लेक मनोरमा, आणि वाद घालायचा तो आधार देणाऱ्यांशीच! त्या वादाने त्यांची श्रद्धा आटली नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळात होरपळलेल्या मुली तिथे आल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईंनी बायबल साध्या मराठीत आणलं, सामान्य बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. ते छापताना छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच होत्या. देवाच्या वचनाचा एवढा धाक बाळगणारी बाई माणसाच्या धाकात राहिली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

उपासना ढोलकीवर होते की गिटारवर, याचं मला काही नाही. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला प्रभूने डोंगर आणि यरुशलेम दोन्ही बाजूला ठेवायला सांगितलं. पित्याला हवेत ते आत्म्याने आणि खरेपणाने भजणारे. तुझ्या पत्रभर मात्र सेवकांचं नाव आहे, प्रभूचं शोधावं लागलं. ज्याला स्वर्गात आणि पृथ्वीवर सगळा अधिकार, त्याने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. अधिकार ओळखायची दुसरी खूण मला ठाऊक नाही.

सभा सोड असं मी म्हणत नाही. येत्या रविवारी रांगेत जाऊ नकोस. सेवकांना भेटून आदराने विचार, उपदेश कोणत्या वचनावर होता आणि दशांशाचा हिशेब मंडळीपुढे कधी मांडतात. रागावले तर मला लगेच कळव. शास्त्र उघडून तुझ्याशेजारी बसले, तर त्यांना माझा सलाम सांग.

तुझी
आत्या